कुकर एकदा, रिंग कायम

भांड्यांच्या दुकानात जाऊन ‘कुकरची रिंग द्या’ म्हटलं, की दुकानदार मान वर न करता विचारतो, ‘कुठली कंपनी? किती लिटर?’ प्रेस्टिजच्या कुकरला हॉकिन्सची रिंग बसत नाही, हे त्यालाही माहीत असतं आणि एकदा चुकीची रिंग घेऊन परत आल्यावर आपल्यालाही कळतं. रिंगेचा भाव आपण चार दुकानांत विचारू शकतो, पण कंपनी बदलू शकत नाही. ती कुकर घेतला त्या दिवशीच ठरून गेलेली असते, आणि त्या दिवशी आपण झाकणाची चकाकी पाहत होतो, रिंगेचा विचार डोक्यात नव्हता.

शहराला वीज पुरवणाऱ्या संस्थेचंही थोड्याफार फरकाने हेच होतं. ‘स्पर्धा न घेता एकाच कंपनीकडून सबस्टेशनची सामग्री’ अशी बातमी वाचली की आपल्या कपाळावर आठी पडते. ती पडायलाच हवी, पैसा लोकांचा आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही आठी बहुतेक वेळा चुकीच्या वर्षी पडते. आज घेतल्या जाणाऱ्या रिंगेवरून आपण भांडतो. वीस वर्षांपूर्वी कुकर कुणी, कुठल्या अटींवर घेतला, ती फाइल मात्र कुणी मागवत नाही.

हा व्यवहार उघड्यावर पाहायचा तर अमेरिकेतल्या महापालिकांकडे बघावं. तिथे सुमारे २,००० गावं आणि शहरं स्वतःची वीज स्वतः वाटतात. लॉस एंजेलिस आणि सिएटलसारखी बडी शहरं त्यात आहेत, टेक्सासातली ऑस्टिन, सॅन अँटोनिओ, डेंटन, गारलंड अशी लहानमोठी शहरंही आहेत. आपल्याकडे हा प्रकार विरळा. केरळात त्रिशूर महापालिकेचा स्वतःचा वीज विभाग आहे, आणि आपल्या ओळखीची म्हणजे मुंबईची बेस्ट. बाकी महाराष्ट्राला वीज म्हटलं की महावितरण आठवतं, ट्रान्सफॉर्मर जळाला की तर हमखास.

टेक्सासच्या कायद्यात महापालिकेला ठरावीक रकमेवरच्या खरेदीसाठी स्पर्धात्मक बोली मागवावी लागते. मग २५२.०२२ या कलमात सूट कशाकशाला ते सांगितलं आहे. पेटंट, कॉपीराइट, गुप्त प्रक्रिया किंवा नैसर्गिक मक्तेदारी यांच्यामुळे जी वस्तू एकाच ठिकाणी मिळते, तिला बोलीची गरज नाही. त्याच यादीत पुढे, आधीच घेतलेल्या यंत्राच्या ‘कॅप्टिव्ह’ सुट्या भागांनाही सूट आहे. कॅप्टिव्ह म्हणजे कैदेतले. कायदा लिहिणाऱ्यांना इतका नेमका शब्द सहसा सुचत नाही. कैदेत सुटा भाग आहे की गिऱ्हाईक, एवढं मात्र कायदा सांगत नाही.

सबस्टेशनमधली प्रत्येक वस्तू अशी कैदेतली नसते. मुंबईत जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर कवटीचं चित्र आणि ‘११,००० व्होल्ट’ अशी पाटी असलेलं जे कुलूपबंद दार दिसतं, ते सबस्टेशनच्या कुटुंबातलं शेंडेफळ. त्याच्या वर ३३ किलोव्होल्टचं, त्याच्याही वर ११० किंवा २२० किलोव्होल्टचं अशी भावंडं असतात. मोठ्या सबस्टेशनात नजरेत पहिल्यांदा भरतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि गंमत म्हणजे पुरवठादाराच्या बाबतीत तोच सगळ्यात मोकळा. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालवायचे तर व्होल्टेजचं गुणोत्तर, व्हेक्टर ग्रुप आणि टक्केवारीतला इम्पीडन्स जुळला पाहिजे. मग एक कळव्याच्या कारखान्यातून आलेला असो आणि दुसरा बडोद्याकडून, ते शेजारी शेजारी सुखाने गुणगुणत राहतात. तेल, केबल, इन्सुलेटर, बॅटरी यांचंही तेच. निविदा काढा, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव देणारा, कोण आला ते पाहा, मोकळे व्हा.

अडकतात दोन गोष्टी. एक आकाराने खोक्याएवढी, दुसरी खोलीएवढी. खोक्याएवढीचं नाव रिले.

रिले स्वतः काही तोडत नाही, तोडायचा हुकूम देतो. लाइनमधून शेकडो-हजारो अँपिअर वाहत असतात. करंट ट्रान्सफॉर्मर त्यांची १ किंवा ५ अँपिअरची छोटी प्रतिकृती रिलेपुढे ठेवतो. व्होल्टेजचीही तशीच ११० व्होल्टच्या आसपासची प्रतिकृती येते. रिले या दोन्हींकडे टक लावून बसलेला असतो. झाड तारेवर पडलं, केबलमध्ये पाणी शिरलं, की लाइन तोडणाऱ्या ब्रेकरला ‘ट्रिप हो’ म्हणून सांगायचं, एवढंच काम. आपल्या वीजप्रवाहाचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, आणि चांगला रिले एक-दोन आवर्तनांत निर्णय देतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

जुने रिले यांत्रिक होते. घरच्या जुन्या मीटरमध्ये फिरायची तशी धातूची चकती, एक स्प्रिंग, एक खुंटी. सेटिंग दोन-चार, तीही स्क्रू-ड्रायव्हरने करायची. एका मेकचा रिले काढून दुसऱ्या मेकचा बसवणं हे टेस्टिंगवाल्यांच्या दृष्टीने कटकटीचं काम होतं, पण कामच होतं; त्यासाठी डोकं नव्याने घडवावं लागत नसे.

ते बदललं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन नावाच्या विद्यापीठी गावात. एडमंड श्वाइट्झर यांनी १९७७ साली तिथल्या विद्यापीठात डिजिटल रिलेवर पीएच.डी. केली. त्या काळी संगणकाच्या भरवशावर लाइनचं संरक्षण सोपवायचं ही कल्पना अनेक अनुभवी अभियंत्यांना अंगावर काटा आणणारी वाटत होती. १९८२ मध्ये त्यांनी राहत्या घराच्या तळघरात कंपनी काढली, आणि १९८४ मध्ये पहिला डिजिटल रिले मिनेसोटातल्या ऑटर टेल पॉवर या वीज कंपनीला विकला. त्या रिलेला फॉल्ट ओळखता येत होताच. शिवाय फॉल्ट किती मैलांवर आहे हेही तो सांगत होता. थंडीत, बर्फात, रात्री लाइनवर चालत जाऊन तुटलेली तार शोधणाऱ्या माणसाला या एका आकड्याची किंमत काय असेल, ते आपल्याकडच्या वायरमनला विचारावं. आपल्याकडे बर्फ नाही, पण जुलैतला कोकण आहे.

श्वाइट्झर यांच्या कंपनीने पुढे दहा वर्षांची वॉरंटी दिली, आणि अमेरिकेतल्या कितीतरी वीज संस्था या एकाच मेकवर स्थिरावल्या. यात लबाडी नव्हती, माल चांगला होता. पण एकदा स्थिरावलं की काय होतं ते बाहेरून दिसत नाही. डिजिटल रिलेत सेटिंग शेकड्यांनी असतात. त्याचं लॉजिक कंपनीच्या स्वतःच्या लिपीत लिहावं लागतं. सेटिंग भरायचं सॉफ्टवेअर तिचंच. टेस्ट किटमध्ये साठवलेले चाचण्यांचे आराखडे त्या मॉडेलसाठी बनवलेले. नियंत्रण कक्षात कुठला बिंदू म्हणजे कुठला ब्रेकर, हा नकाशा त्याच्याच भाषेत. वायरिंगची ड्रॉइंग्ज त्याच्या टर्मिनल क्रमांकांनुसार. आणि कपाटात ठेवलेला एक जादा रिले, जो रात्री तीन वाजता काढून दहा ठिकाणांपैकी कुठेही बसवता येतो.

लहान शहराच्या वीज खात्यात या कामाला माणसं किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांना एक मेक पाठ असतो. स्पर्धेत अकराव्या सबस्टेशनला दुसरा मेक स्वस्तात आला, तर कागदावर बचत दिसते. पण त्या चार माणसांना दुसरी भाषा शिकावी लागते, आणि चुका दोन भाषांच्या सीमेवर होतात. रिलेच्या सेटिंगमधली चूक काय करू शकते, याचं उदाहरण अमेरिकेनेच पाहिलं आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी चार वाजून काही मिनिटांनी ओहायो राज्यातली सॅमिस-स्टार ही ३४५ किलोव्होल्टची लाइन एका रिलेने तोडायला लावली. लाइनवर शॉर्ट सर्किट झालेलंच नव्हतं. तिच्यावर भार फार आला होता आणि व्होल्टेज खचलं होतं. रिलेला ते लांबच्या फॉल्टसारखं दिसलं. त्याने सेटिंगबरहुकूम काम केलं, आणि तिथून सुरू झालेल्या पडझडीत अमेरिका व कॅनडातले मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. तिथे मेक बदलल्यामुळे काही घडलं नव्हतं, हे मान्य. पण ज्याने ही गोष्ट वाचली आहे तो संरक्षण अभियंता ‘मला ओळखीचाच रिले हवा’ म्हणतो, तेव्हा त्याला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या खरेदीला लागू असलेल्या सामान्य वित्तीय नियमांत, म्हणजे २०१७ च्या जीएफआरमध्ये, १६६ क्रमांकाचा नियम एकल निविदेचा आहे. एकाच पुरवठादाराकडे जायला तो तीन कारणं मानतो. ती वस्तू बनवणारी दुसरी कंपनीच नाही, हे एक. आणीबाणी आहे आणि एका ठरावीक ठिकाणाहूनच माल मिळेल, हे दुसरं. तिथे कारण लिहून मंजुरी घ्यावी लागते. आणि असलेल्या यंत्रांशी जुळावं म्हणून, तज्ज्ञाच्या सल्ल्याने, एकाच मेकवर प्रमाणीकरण करायचं आहे, हे तिसरं. सोबत अधिकाऱ्याने सही करून द्यायचा ‘प्रोप्रायटरी’ दाखला असतो, ज्यात दुसरा मेक का चालणार नाही ते लिहावं लागतं. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या ७२व्या कलमातही हीच वाट आहे: निविदा मागवायच्या हा नियम, पण स्थायी समिती कारणं नोंदवून आयुक्तांना निविदेविना करार करायची परवानगी देऊ शकते.

तिन्ही कारणांत नियमाची सगळी भिस्त ‘कारण लिहा’ या दोन शब्दांवर आहे, आणि सरकारी कारण कसं लिहिलं जातं ते आपल्याला माहीत आहे. गेल्या वेळच्या टिपणीतला परिच्छेद उचलायचा, तारीख बदलायची.

अमेरिकेतही फार वेगळं नाही. तिथे अशा प्रस्तावासोबत एक पत्र जोडण्याची पद्धत आहे: ‘ही वस्तू फक्त आमच्याकडेच मिळते.’ लिहिणारा कोण? विकणारा. त्यातही एक बारकावा आहे. काही उत्पादक आपला माल प्रदेश वाटून दिलेल्या प्रतिनिधींमार्फतच विकतात. म्हणजे वस्तू शंभर ठिकाणी तयार अवस्थेत पडलेली असेल, पण तुमच्या शहरासाठी विक्रेता एकच. हे ‘एकच’पण पेटंटमधून आलेलं नसतं, निसर्गातूनही नाही, ते कंपनीच्या विक्री खात्यात तयार झालेलं असतं. कायद्यातल्या नैसर्गिक मक्तेदारीशेजारी हे पत्र निमूट जाऊन बसतं आणि सभेत विनाचर्चा मंजूर होणाऱ्या विषयांच्या गठ्ठ्यातून पुढे सरकतं. मी नगरसेवक असतो तर याच एका पत्राच्या वेळी हात वर केला असता.

आता खोलीएवढी वस्तू. तिचं नाव जीआयएस, म्हणजे वायूने इन्सुलेट केलेलं स्विचगियर. एरवी उच्च दाबाच्या तारा हवेत, एकमेकींपासून दूर, लोखंडी सांगाड्यांवर ताणलेल्या असतात. म्हणून सबस्टेशनला मैदानं लागतात. जीआयएसमध्ये त्याच वाहिन्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांत, सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूत बंद केलेल्या असतात. जागा एक दशांश ते एक पंचमांश लागते. याचा जन्मच एका शहराच्या अडचणीतून झाला. झ्युरिकच्या मध्यवर्ती भागात, झेम्परश्टाइग या ठिकाणी, १९६७ साली ब्राउन बोव्हेरी कंपनीने शहराच्या वीज खात्यासाठी १७० किलोव्होल्टचं असं सबस्टेशन उभं केलं. त्या वेळी बाजारच नव्हता; जो बनवणारा तोच पुरवठादार. खरीखुरी एकल खरेदी म्हणायची तर ती.

मुंबईला जीआयएसचं महत्त्व वेगळं सांगायला नको. बेस्टची वीज कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंतच्या बेटावर, दहा लाखांच्या आसपास ग्राहकांना जाते. १९०५ साली ब्रिटिश भांडवलावर उभी राहिलेली ही कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेच्या ताब्यात आली. तेव्हापासून शहराला वीज दुपटीने, चौपटीने लागत गेली, जमीन मात्र त्या मानाने वाढली नाही. अशा शहरात नळकांड्यांतलं सबस्टेशन ही चैन नसते.

पण त्या नळकांड्यांची तोंडं, त्यांचे फ्लँज, आतल्या वाहिनीचे जोड, गॅसचा दाब, सीलचा आकार, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. दहा वर्षांनी शेजारी टॉवर उठतात, आणखी एक बे लागतो, म्हणजे एका नव्या फीडरची जागा. ती दुसऱ्या कंपनीकडून घ्यायची तर मध्ये एक जोडनळी लागते, जिची एक बाजू जुन्या कंपनीच्या मापाची आणि दुसरी नव्या. ती बनवायला जुन्या कंपनीची ड्रॉइंग्ज हवीत. जिचं गिऱ्हाईक जाणार आहे ती कंपनी ती ड्रॉइंग्ज किती उत्साहाने देईल? शिवाय उद्या त्या जोडावर गॅस गळला तर जबाबदार कोण, हा प्रश्न दोन्ही कंपन्यांच्या वकिलांना पुढची पाच वर्षं पुरेल. हा गुंता इतका नेहमीचा आहे की अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, आयईईईने, २०१३ मध्ये जुन्या जीआयएसला दुसऱ्या उत्पादकाचं नवं जीआयएस कसं जोडावं यावर स्वतंत्र मार्गदर्शक दस्तऐवज काढला. तो वाचला तर कळतं की जोडण्याचं काम जोडायच्या वेळी सुरू होत नाही. पहिल्या खरेदीतच मापं लिहून घेतली असतील तरच ते सुरळीत पार पडतं.

आणि ज्या कंपनीशी जन्माची गाठ बांधली, ती तरी कुठे जागेवर असते? झ्युरिकला पहिलं जीआयएस देणारी ब्राउन बोव्हेरी १९८८ मध्ये स्वीडनच्या आसियाशी एकत्र होऊन एबीबी झाली. एबीबीने २०२० मध्ये आपल्या वीजवाहिन्यांच्या व्यवसायाची सूत्रं हिताचीकडे दिली. पुढच्या वर्षी पाटीवर हिताची एनर्जी लागलं. अल्स्टॉमचा ग्रिड व्यवसाय २०१५ मध्ये जीईकडे गेला, आणि जीईचेही तुकडे होऊन २०२४ मध्ये जीई व्हर्नोव्हा वेगळी झाली. महाराष्ट्रातलीच गोष्ट घ्या. कित्येक इलेक्ट्रिशियन ज्या एल अँड टीच्या स्विचगियरची शपथ घेत, तो व्यवसाय २०२० मध्ये श्नायडरने घेतला आणि आता त्याच मालावर लॉरिट्झ नुडसेन असं नाव येतं. यंत्र चाळीस वर्षं टिकतं. कंपनीची पाटी तेवढी टिकत नाही. नवा मालक जुन्या मॉडेलचे सुटे भाग बनवणं थांबवतो, तेव्हा ‘एकमेव पुरवठादार’ या शब्दांतला पुरवठादार गळून पडतो आणि फक्त ‘एकमेव’ उरतं.

कधी एकमेवामागे आणखी एक एकमेव लपलेला असतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा तापमानवाढीच्या बाबतीत भयंकर वायू आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २३,५०० पट घातक ठरतो, म्हणून त्याला पर्याय शोधणं सुरू झालं. पुढे जीईकडे गेलेल्या अल्स्टॉमच्या ग्रिड व्यवसायाने एक वायुमिश्रण काढलं, ज्यातलं मुख्य रसायन थ्री-एम कंपनी बनवत होती. डिसेंबर २०२२ मध्ये थ्री-एमने जाहीर केलं, की पीएफएएस या वादग्रस्त गटातल्या रसायनांचं उत्पादन आपण २०२५ अखेर बंद करणार. ते रसायन याच गटातलं. कुठल्या तरी शहराच्या निविदेत पर्यावरणाचे गुण मिळवलेलं स्विचगियर, आणि त्याचा श्वास दुसऱ्याच कंपनीच्या संचालक मंडळाच्या हातात. मग इतर उत्पादकांची शोधाशोध झाली. खरेदी अधिकाऱ्याच्या दाखल्यात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

इथवर मी अभियंत्याच्या बाजूने बोललो. पण एकाच मेकचा आग्रह धरणाऱ्या अभियंत्याला त्याच्याच शाखेतून एक चोख उत्तर आहे. सगळे रिले एकाच कंपनीचे असतील तर त्यांतली चूकही एकच असते, आणि ती सगळीकडे एकाच वेळी असते. १७ डिसेंबर २०१६ च्या रात्री कीवजवळचं ‘पिव्हनिच्ना’ हे ३३० किलोव्होल्टचं सबस्टेशन हल्लेखोरांनी दुरून बंद पाडलं. शहराचा काही भाग तासाभरासाठी अंधारात गेला. त्यांच्या संगणकी हत्यारात एक भाग खास सीमेन्सच्या सिप्रोटेक रिलेसाठी होता. त्या रिलेतली एक त्रुटी वापरून ते बधिर करायचे, म्हणजे वीज परत येताना संरक्षण गैरहजर राहील, असा बेत होता. सीमेन्सने ती त्रुटी दूर करणारा सुधारित प्रोग्रॅम २०१५ मध्येच दिला होता. हल्लेखोरांच्या हत्यारातल्याच एका चुकीमुळे तो भाग फुकट गेला. पण मेक माहीत असला की हल्ला कसा सोपा होतो, ते दिसून गेलं.

म्हणूनच ४०० किलोव्होल्टच्या लाइनवर आपल्याकडेही दोन स्वतंत्र रिले ठेवतात, मेन-वन आणि मेन-टू, आणि ते वेगवेगळ्या मेकचे किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारे असावेत अशी प्रथा आहे. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसावं, हा हेतू. दोन मेक म्हणजे दोन भाषा, दुप्पट प्रशिक्षण, दुप्पट स्पेअर. राज्यभर वाहिन्या असलेल्या कंपनीला ते झेपतं. चार माणसांच्या खात्याला नेहमी झेपेलच असं नाही. एक की दोन, याचं सगळीकडे चालेल असं उत्तर नाही. पण तीन-चार मेकची खिचडी, जी दरवेळी आंधळेपणाने एल-वनला माल दिल्यावर वीस वर्षांत आपोआप तयार होते, ती सगळ्यात वाईट, याबद्दल मला शंका नाही.

आयईसी ६१८५० नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचे पहिले भाग २००२ ते २००५ दरम्यान आले. निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी सबस्टेशनात एकच भाषा बोलावी, असा त्याचा संकल्प. बऱ्याच अंशी तो पुरा झाला आहे. एका मेकचा रिले दुसऱ्याला निरोप देऊ शकतो. पण सेटिंग भरायचं सॉफ्टवेअर अजून ज्याचं त्याचं आहे. लग्नात दोन्हीकडची मंडळी हसून बोलतात, जेवणं मात्र आपापल्या पद्धतीची, तसं काहीसं.

तेव्हा पाहायचं कुठे? एकल खरेदीच्या दिवशी नगरसेवकाच्या हातात फार काही उरत नाही. ‘नको’ म्हटलं तर बे अडकतो. वाट पाहायला वेळही नसतो: गेल्या काही वर्षांत मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी अमेरिकेत दोन ते चार वर्षं थांबावं लागत होतं, आणि अशा बाजारात पुरवठादाराशी घासाघीस करणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. भाव करायची खरी ताकद असते ती पहिल्या निविदेत, जेव्हा दारात पाच कंपन्या उभ्या असतात. त्या दिवशी विचारायचं: सुट्या भागांचे आणि पुढे लागणाऱ्या प्रत्येक बेचे दर आजच बांधून देता का? किती वर्षांसाठी? मॉडेल बंद करणार असाल तर किती आधी सांगणार? फ्लँजची मापं आणि ड्रॉइंग्ज आमच्या मालकीची की तुमच्या? रिलेचे पासवर्ड आणि सेटिंगच्या फाइली कुणाकडे? कंपनी विकली गेली तर ही वचनं नव्या मालकावर बंधनकारक आहेत का? पहिल्या दिवशी यांची उत्तरं फुकट मिळतात. दहा वर्षांनी त्यांचं बिल येतं.

एकच बोली आलेली निविदा मात्र एकल खरेदीत धरू नका. ते प्रकरण वेगळं. निविदा सगळ्यांना खुली होती, पण आला एकच, असं असेल तर जीएफआरनुसार ती आपोआप बाद ठरत नाही. जाहिरात नीट झाली होती का, अटी मुद्दाम आवळल्या होत्या का, भाव रास्त आहे का, हे पाहायचं असतं. यातला मधला प्रश्न कळीचा. निविदेत एका कंपनीच्या माहितीपत्रकातली मापं मिलिमीटरसकट उतरवली असतील, तर ती खुली निविदा खुली नसते, आणि हे ओळखायला विद्युत अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की झालं.

तुमच्या भागात नवं सबस्टेशन मंजूर झाल्याची बातमी आली, तर एक काम करा. त्याच्या निविदेतलं सुट्या भागांच्या दरांचं पान आणि ते दर किती वर्षं बांधील आहेत ते कलम, एवढंच माहितीच्या अधिकारात मागा. बेस्ट असो की महावितरण, दोन्ही त्या कायद्याखाली येतात. अर्जाची फी दहा रुपये आहे.